एसटीयूएसबी४५००: छोट्या संगणकाच्या टाइप-सी वीजजोडणीसाठी वापरलेल्या चिपचे परीक्षण

कारखान्यातल्या यंत्राशेजारी भिंतीवर बसवायचा एक छोटा संगणक आम्ही पुण्यात तयार करतो. त्यात रास्पबेरी पाय कम्प्युट मॉड्यूल ४, एक एनव्हीएमई एसएसडी आणि १२ व्होल्टवर चालणारा डिस्प्ले आहे, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त ४० वॉटच्या आसपास वीज लागते. पूर्वी याला गोल पिनेचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर दिला जात असे. तो हरवला की ग्राहक हाताला येईल तो अ‍ॅडॉप्टर लावत, आणि व्होल्टेज किंवा ध्रुवता चुकली की बोर्ड दुरुस्तीला परत येई. म्हणून नव्या आवृत्तीत टाइप-सी जोडणी घ्यावी आणि लॅपटॉपच्या कोणत्याही चांगल्या चार्जरवर संगणक चालावा असे ठरले, आणि त्यासाठी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एसटीयूएसबी४५०० ही यूएसबी पॉवर डिलिव्हरी कंट्रोलर चिप निवडली. निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो. बॅटरी नसलेल्या आणि फक्त वीज घेणाऱ्या संगणकासाठी ही चिप उत्तम आहे; मात्र तिच्या आत साठवलेली मांडणी, म्हणजे चार्जरकडे किती व्होल्ट आणि अँपिअर मागायचे वगैरे ठरवणारे आकडे, हा सर्किटचाच भाग आहे असे मानून काम केले नाही, तर हीच चिप पुढचा सगळा बोर्ड जाळू शकते.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. टाइप-सी सॉकेटमध्ये सीसी१ आणि सीसी२ अशा दोन पिना असतात आणि वीज घेणाऱ्या उपकरणाने त्या प्रत्येकीला ५.१ किलोओहमच्या स्वतंत्र रोधकाने ग्राउंडला जोडायचे असते. एवढ्यावर ५ व्होल्ट आणि चार्जर देत असेल तर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट मिळतात. हे साधे कामही काटेकोरपणे करावे लागते. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही पिनांना मिळून एकच रोधक होता, त्यामुळे आत ओळखचिप असलेली केबल लावली की चार्जरला तो संगणक हेडफोनचा अ‍ॅडॉप्टर वाटे आणि तो वीजच देत नसे. १५ वॉटांपेक्षा अधिक वीज हवी असेल तर रोधक पुरत नाहीत. त्याच सीसी तारेवर चार्जर आणि उपकरण यांच्यात डिजिटल बोलणी व्हावी लागतात: चार्जर आपल्याकडच्या व्होल्टेजची यादी पाठवतो, उपकरण त्यातली एक नोंद मागते, चार्जर होकार देतो आणि मग व्होल्टेज वाढवतो.

ही बोलणी कोणी करायची, हा संगणकाच्या रचनेतला कळीचा प्रश्न आहे. यादी आल्यावर उपकरणाने साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत उत्तर द्यायचे असते, आणि लिनक्स सुरू व्हायला कित्येक सेकंद लागतात. ऑनसेमीच्या एफयूएसबी३०२ सारख्या चिपमध्ये फक्त संदेश पाठवण्या-घेण्याची यंत्रणा असते आणि काय मागायचे ते प्रोसेसरवरच्या सॉफ्टवेअरने ठरवायचे असते. ज्या संगणकात बॅटरी आहे किंवा बोलणी सांभाळायला वेगळा मायक्रोकंट्रोलर आहे, तिथे ही व्यवस्था चांगली चालते. बॅटरी नसेल आणि बोलणी मुख्य प्रोसेसरवर सोपवली, तर लिनक्स जागे होईपर्यंत चार्जर यादी पाठवून पाठवून थांबलेला असतो आणि ५ व्होल्टवर स्थिरावलेला असतो. मग सॉफ्टवेअरने बोलणी नव्याने सुरू करण्यासाठी हार्ड रीसेट पाठवला की चार्जर आपले व्होल्टेज शून्यावर नेतो, संगणक बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि हे चक्र चालूच राहते. एसटीयूएसबी४५०० चा सर्वांत मोठा गुण असा की तिला कोणत्याही प्रोसेसरची गरज नाही. चार्जर लावताच ती चार्जरच्याच ५ व्होल्टवर जागी होते, आपल्या स्थायी स्मृतीत लिहिलेल्या मागण्या वाचते, बोलणी पूर्ण करते आणि, मांडणीत तसे सांगितले असेल तर, मगच पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे विजेच्या वाटेवरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडून पुढच्या सर्किटला वीज सोडते. मुख्य प्रोसेसरला यातले काहीही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही.

आता मूळ विषय, म्हणजे मांडणी. चिपमध्ये तीन मागण्या लिहिता येतात. प्रत्येकीला पीडीओ म्हणतात. पहिली मागणी कायम ५ व्होल्टची असते, तिचे व्होल्टेज बदलत नाही. दुसरी आणि तिसरी आपण ५० मिलिव्होल्टच्या पटीत लिहायच्या, म्हणजे २० व्होल्टसाठी ४०० आणि १५ व्होल्टसाठी ३००. तिसरीला सर्वाधिक प्राधान्य असते. चार्जरच्या यादीत तेच व्होल्टेज आणि निदान तेवढा करंट असेल, तरच ती मागणी जुळली असे चिप मानते. नाही तर ती दुसरीकडे आणि शेवटी पहिलीकडे उतरते. करंटसाठी चार बिटांचा कोष्टक-क्रमांक लिहायचा असतो आणि त्या कोष्टकात ०.५ अँपिअरपासून ३ अँपिअरपर्यंत पाव-पाव अँपिअरचे आणि तिथून ५ अँपिअरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अँपिअरचे टप्पे आहेत. कोष्टकात नसलेली किंमत हवी असल्यास शून्य क्रमांक लिहून १० मिलिअँपिअरच्या पटीतली एक वेगळी किंमत देता येते, पण ती तिन्ही मागण्यांना मिळून एकच असते.

या पाव अँपिअरने किती फरक पडतो ते आमच्याच बोर्डाच्या उदाहरणावरून सांगतो. बाजारातले ४५ वॉटचे चार्जर सहसा २० व्होल्टला २.२५ अँपिअर देतात आणि ३० वॉटचे २० व्होल्टला १.५ व १५ व्होल्टला २ अँपिअर. आमची गरज ४० वॉटची, म्हणजे २० व्होल्टला २ अँपिअर. थोडी ऐसपैस सोय असावी या विचाराने कोणी तिसऱ्या मागणीत २.५ अँपिअर लिहिले असते, तर ४५ वॉटचा प्रत्येक चार्जर २० व्होल्टसाठी अपात्र ठरला असता, जरी त्याच्यात पुरेशी ताकद होती तरी. म्हणून आम्ही तिसऱ्या मागणीत २० व्होल्ट आणि २.२५ अँपिअर लिहिले, आणि दुसरीत १५ व्होल्ट आणि २ अँपिअर, जेणेकरून ३० वॉटच्या चार्जरवर डिस्प्लेचा उजेड कमी ठेवून संगणक चालावा. कोणती मागणी जुळली हे चिप पॉवर-ओके-२ आणि पॉवर-ओके-३ या दोन पिनांवर सांगते. पॉवर-ओके-३ ची पिन खाली गेली असेल तर २० व्होल्ट मिळाले असे समजून आमचे फर्मवेअर पूर्ण उजेड देते, नाही तर मर्यादित. दोन पिना, दोन रोधक, आणि आय-टू-सीवर, म्हणजे चिपांमधल्या दोन तारांच्या संवादमार्गावर, एकही बाइट न वाचता वीजपुरवठ्याची पूर्ण कल्पना येते, हे मला या चिपमधले सर्वांत नेटके काम वाटते.

येथे एक सूचना. मागणीत लिहिलेला करंट चिप चार्जरकडे मागते, पण बोर्ड प्रत्यक्षात किती करंट ओढतो हे ती मोजत नाही आणि रोखतही नाही. ६५ वॉटच्या चार्जरकडे ३.२५ अँपिअर असले तरी मागणी २.२५ चीच जाते. चार्जर देऊ शकतो तेवढा सगळा मागावा असे वाटत असेल तर त्यासाठी एक वेगळा बिट आहे. आम्ही तो लावला नाही, कारण जेवढी गरज आहे तेवढेच मागणारे उपकरण अनेक पोर्टांच्या चार्जरवर शेजारच्या उपकरणांना अडचणीत आणत नाही.

आता या चिपची सर्वांत गंभीर बाब. कारखान्यातून येणाऱ्या कोऱ्या चिपमध्ये मागण्या रिकाम्या नसतात. पहिली ५ व्होल्ट १.५ अँपिअर, दुसरी १५ व्होल्ट १.५ अँपिअर आणि तिसरी २० व्होल्ट १ अँपिअर अशा त्या आधीच भरलेल्या असतात, आणि तिसरीला प्राधान्य असल्याने कोरी चिप कोणत्याही लॅपटॉप चार्जरवर सरळ २० व्होल्ट मागते आणि मिळवते. समजा, एखाद्या बोर्डासाठी ९ व्होल्ट ठरवले आहेत आणि पुढचा, व्होल्टेज बदलून देणारा कन्व्हर्टर १६ व्होल्टपर्यंतच्या क्षमतेचा निवडला आहे. चिप बसवल्यावर, मांडणी लिहिण्याआधी, केवळ बोर्ड जिवंत आहे का हे पाहण्यासाठी कोणी चार्जर लावला तर बोर्ड त्या क्षणी संपतो. सर्किटच्या आराखड्यात या धोक्याची खूण कुठेही दिसत नाही. आराखडा वाचणाऱ्याला तिथे एक चिप, एक मॉसफेट आणि काही रोधक दिसतात. व्होल्टेज किती येणार हे ठरवणारा आकडा कागदावर नसतोच, तो चिपच्या पोटात असतो.

हा धोका उत्पादनापुरता नाही. पाच वर्षांनी बोर्ड दुरुस्तीला जाईल, कारागीर तोच नंबर पाहून नवी चिप आणेल, ती नीट बसवेल, आणि त्याच्या दृष्टीने काम चोख झालेले असेल. पण नवी चिप कोरी असेल आणि ती २० व्होल्ट मागेल. या कारणाने माझे मत ठाम आहे की ही चिप वापरणाऱ्याने मांडणीत कितीही कमी व्होल्टेज लिहायचे असले, तरी मॉसफेटच्या पुढचा प्रत्येक भाग, कपॅसिटर आणि संरक्षक डायोडसह, २० व्होल्ट सहज पेलणारा निवडावा. आमच्या बोर्डाची गरजच १५ ते २० व्होल्टची असल्यामुळे आम्हाला हे सोपे गेले. ५ किंवा ९ व्होल्टच्या बोर्डासाठी हा खर्च आधीच धरावा, आणि तो परवडत नसेल तर दुसरी चिप शोधावी. शिवाय सुट्या भागांच्या यादीत आम्ही या चिपला निर्मात्याच्या नंबराखेरीज आमचा स्वतःचा एक नंबर दिला आहे, जो मांडणी लिहिलेल्या चिपलाच लागू होतो. पाच ओळींची ती मांडणी दुरुस्तीच्या पुस्तिकेतही छापली आहे.

पाच ओळी म्हणण्याचे कारण असे की स्थायी स्मृती एकूण ४० बाइटांची असून ती प्रत्येकी ८ बाइटांच्या पाच कप्प्यांत विभागलेली आहे. ती लिहिण्यासाठी आय-टू-सीवरून हेक्स (सोळांवर आधारित अंकपद्धती) ९५ या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या नोंदजागेत, हेक्स ४७ हा परवलीचा आकडा द्यायचा, कप्पे पुसायचे, हेक्स ५३ पासूनच्या जागेत एकेका कप्प्याचे आठ बाइट भरायचे आणि लिहिण्याची आज्ञा द्यायची. हा आकडा सर्वांना माहीत आहे, तेव्हा याला कुलूप म्हणता येणार नाही. याचा अर्थ असा की चिपच्या आय-टू-सी तारा मुख्य प्रोसेसरला जोडल्या, तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरलेला कोणताही प्रोग्रॅम तुमच्या बोर्डाचे व्होल्टेज कायमचे बदलू शकतो. काही लोक या तारा हौसेने प्रोसेसरला जोडतात, कारण हेक्स ९१ पासूनच्या चार बाइटांत ठरलेला करार वाचता येतो आणि पडद्यावर वॉट दाखवता येतात. मला ती सोय या धोक्याच्या मोलाची वाटत नाही. आमच्या बोर्डावर त्या तारा फक्त चाचणीच्या ठिपक्यांपर्यंत नेल्या आहेत.

चाचणी आणि उत्पादन यांच्या दृष्टीने मात्र चिपची रचना विचारपूर्वक केलेली आहे. व्हीडीडी या पिनेवर ती चार्जरच्या विजेवर चालते आणि व्हीसिस या पिनेवर ३.३ व्होल्ट देऊनही चालते. म्हणजे टाइप-सी केबल न लावता, बोर्डाला एरवी वीजच न देता, फिक्स्चरच्या, म्हणजे बोर्ड तपासण्याच्या साच्याच्या, खिळ्यांवरून ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि आय-टू-सीच्या दोन तारा दिल्या की मांडणी लिहिता येते, आणि कोऱ्या चिपला चार्जर दिसण्याची वेळच येत नाही. व्हीसिस वापरायची नसेल तर ती ग्राउंडला जोडावी असे डेटाशीट सांगते. आम्ही ती जंपरमधून, म्हणजे काढता येणाऱ्या जोडणीतून, जोडली, जेणेकरून लिहिताना मोकळी राहील. उत्पादनाचा क्रम त्यामुळे असा बांधता येतो की मांडणी लिहून ती परत वाचून ताडली जाईपर्यंत टाइप-सी सॉकेट असलेल्या टेबलावर बोर्ड पोचतच नाही. पत्ता हेक्स २८ ते २बी यांपैकी दोन पिनांनी ठरवता येत असल्याने एका बसवर अशा चार चिप राहू शकतात. ज्यांना एका फिक्स्चरवर अनेक बोर्ड घ्यायचे आहेत त्यांना याचा उपयोग होईल.

प्रत्यक्ष लिहिण्यासाठी कंपनी विंडोजवर चालणारे एक सॉफ्टवेअर देते. त्यात कंपनीचाच न्यूक्लिओ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड संगणक आणि चिप यांच्यातला पूल म्हणून वापरून खिडकीतल्या रकान्यांत आकडे भरायचे असतात. पहिला नमुना तयार करायला हे चांगले आहे, कारण व्होल्टेज आणि करंट माणसाला कळतील अशा रूपात दिसतात आणि तयार झालेले ४० बाइट फाइलमध्ये उतरवून घेता येतात. उत्पादनासाठी आम्ही तेच बाइट लिहिणारा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम फिक्स्चरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये टाकला. ज्यांना एकच नग करून पाहायचा आहे त्यांना स्पार्कफनचा याच चिपवर आधारलेला तयार बोर्ड आणि त्याची अर्डुइनो लायब्ररी पुरेशी आहे; त्या लायब्ररीचा स्रोत वाचूनही स्मृतीचे कप्पे चांगले समजतात. माहितीपत्रांच्या बाबतीत समाधान थोडे कमी. डेटाशीट विजेच्या गुणधर्मांसाठी उत्तम आहे, पण कप्प्यांतल्या बिटांचा अर्थ समजण्यासाठी डेटाशीट, प्रोग्रॅमिंगची वेगळी पुस्तिका आणि नमुन्याचा स्रोत अशा तीन ठिकाणी फिरावे लागते. एका तक्त्यात हे सगळे मिळाले असते तर नवख्याचे बरेच श्रम वाचले असते.

मांडणीतला आणखी एक बिट फार कामाचा आहे. ५ व्होल्टपेक्षा जास्त मिळाले तरच मॉसफेट उघडावा, असे त्यात सांगता येते. तो लावला नाही तर काय होते ते ऑसिलोस्कोपवर पाहण्यासारखे आहे: केबल लावताच मॉसफेट ५ व्होल्टवर उघडतो, पुढचा कन्व्हर्टर तेवढ्यावर ४० वॉटचा भार उचलू पाहतो, चार्जरचे व्होल्टेज खाली येते, चिप बंद पडते आणि बोलणी पूर्ण होण्याआधीच सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बिट लावल्यावर रेषा स्वच्छ दिसते: ५ व्होल्टवर थोडा वेळ थांबते, सीसी तारेवर संदेशांचे पुंजके येतात, व्होल्टेज २० पर्यंत चढते आणि मग मॉसफेटच्या पलीकडची रेषा उठते. फक्त फोनचा ५ व्होल्टचा चार्जर लावला तर संगणक पूर्ण बंद राहतो, आणि ग्राहकाला तो बिघडला असे वाटू शकते. म्हणून आम्ही मॉसफेटच्या अलीकडे एक केशरी एलईडी ठेवला आहे, जो चार्जर जोडलेला असून वीज पुढे गेलेली नसेल तेव्हा पेटतो. या स्थितीत अलीकडच्या बाजूचा भार अत्यल्प ठेवणे बंधनकारक आहे, आणि केबल लावण्याच्या क्षणी तिथले कपॅसिटर १० मायक्रोफॅरडच्या आत असावे लागतात. मोठे कपॅसिटर मॉसफेटच्या पलीकडे घ्यावेत, आणि तो हळू उघडावा म्हणून त्याच्या गेट या नियंत्रक पिनेवर रोधक आणि कपॅसिटर लावावा.

व्होल्टेजच्या राखणीच्या मर्यादाही मांडणीतच असतात. मिळालेले व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा किती टक्के वर किंवा खाली गेले की मॉसफेट बंद करायचा, हे ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान लिहिता येते. खालची मर्यादा कडक ठेवण्याचा मोह होतो, पण येथे हिशेब करावा. चार्जर स्वतः ५ टक्के खाली असू शकतो, म्हणजे १९ व्होल्ट. केबलच्या वीजतारेत अर्धा व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारेत पाव व्होल्ट एवढी घट यूएसबीच्या नियमांत मान्य आहे. बोर्डाच्या तोंडाशी १८.२५ व्होल्ट उरतात. १० टक्क्यांची मर्यादा १८ व्होल्टवर लागते आणि तेवढ्याने मधले अंतर फारच थोडे राहते. सॉकेट थोडे झिजले किंवा भार क्षणभर उसळला की संगणक विनाकारण बंद पडेल. आम्ही १५ टक्के ठेवले. वरची मर्यादा मात्र कडकच ठेवली, कारण त्या बाजूला उदार होण्याचे कोणतेही कारण नाही.

चिपच्या विद्युत मजबुतीबद्दल समाधान आहे. टाइप-सी सॉकेटमध्ये सीसीची पिन वीजपिनेला लागूनच असते आणि मधले अंतर अर्धा मिलिमीटर असते. धूळ, धातूचा कीस किंवा वाकडे खेचलेले प्लग यांमुळे २० व्होल्ट सीसीवर येणे कारखान्यात अशक्य नाही. या चिपच्या सीसी पिना २२ व्होल्टपर्यंतचा असा स्पर्श सहन करतात आणि वीज पाहणाऱ्या पिना २८ व्होल्टपर्यंत. वेगळी संरक्षक चिप त्यामुळे वाचते. ४ मिलिमीटर चौरस आकाराची २४ पिनांची क्यूएफएन आवृत्ती गरम हवेच्या साध्या यंत्रावर काढता-बसवता येते. सूक्ष्म ठिपक्यांची दुसरी आवृत्ती आहे, पण दुरुस्तीचा विचार करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

चार्जरच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे, पण त्याचे खापर चिपवर फुटू नये. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या वेगवेगळ्या चार्जरांपैकी लॅपटॉपसोबत येणारे सर्व अपेक्षेप्रमाणे वागले. एका बिननावाच्या चार्जरच्या वेष्टनावर ६५ वॉट छापलेले असूनही त्याच्या यादीत २० व्होल्टची नोंदच नव्हती, आणि आमचा बोर्ड नियमानुसार १५ व्होल्टवर उतरला. फोनसोबत येणारे काही चार्जर मोठे वॉट फक्त स्वतःच्या कंपनीच्या खासगी पद्धतीने देतात आणि पॉवर डिलिव्हरीच्या यादीत त्याहून कमी दाखवतात. तिथेही चिप मिळेल तेवढ्यावर शांतपणे थांबते. १२ व्होल्ट मागू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नियमानुसार अनिवार्य असलेले टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे आहेत, १२ चा नाही, आणि पुष्कळ चार्जर तो देत नाहीत. आमच्या डिस्प्लेला १२ व्होल्ट हवे असूनही आम्ही ते बोर्डावरच २० मधून तयार करतो, याचे कारण हेच.

मर्यादा स्पष्ट आहेत. ही चिप पॉवर डिलिव्हरीच्या दुसऱ्या पिढीच्या नियमांवर प्रमाणित झालेली आहे. व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलण्याची पीपीएस ही सोय तिच्यात नाही, आणि २०२१ च्या ३.१ आवृत्तीने आणलेले २८, ३६ आणि ४८ व्होल्टचे टप्पेही नाहीत. २० व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉट, ही तिची कमाल, आणि ३ अँपिअरच्या वर जायचे तर ओळखचिप असलेली केबलही हवी. ती वीज देऊ शकत नाही, म्हणून ज्या संगणकाच्या टाइप-सी सॉकेटमधून दुसऱ्या उपकरणाला वीज किंवा त्याच सॉकेटमधून डिस्प्लेचे चित्र पाठवायचे आहे, त्यांना ती उपयोगाची नाही. बॅटरी असलेल्या लॅपटॉपसारख्या रचनेसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस२५७५० पाहावी. तिची मांडणी प्रश्नोत्तरांच्या साधनातून तयार होते, बाहेरच्या ईईप्रॉम या स्थायी स्मृतीच्या चिपमध्ये किंवा प्रोसेसरकडून भरता येते, आणि चार्जिंग चिपलाही तीच सूचना देते. मात्र तेवढ्या सोयींसाठी समजून घ्यायच्या गोष्टीही कितीतरी अधिक आहेत. उलट बाजूला, ज्यांना एकच व्होल्टेज हवे आहे आणि आय-टू-सीच्या वाटेलाच जायचे नाही, त्यांना डब्ल्यूसीएचची सीएच२२४के बरी पडेल. तिच्यात व्होल्टेज बाहेरच्या रोधकाने ठरते, म्हणजे ते आराखड्यात डोळ्यांना दिसते आणि चिप बदलली तरी बदलत नाही. परंतु हवे ते व्होल्टेज नसले तर ती खालच्या व्होल्टेजवर उतरते आणि किती करंट लागेल हे सांगण्याची सोय तिच्यात नाही; ४० वॉटच्या संगणकासाठी मला ते पुरेसे वाटले नाही.

पुढच्या बोर्डातही एसटीयूएसबी४५०० च राहणार आहे. बदल एकच करत आहोत: मांडणीचा आवृत्ती-क्रमांक चिपशेजारी पीसीबीवर छापण्यासाठी जागा सोडली आहे, आणि तिथेच कोरी चिप २० व्होल्ट मागते ही सूचना मराठी आणि इंग्रजीत छापली जाईल.